निपाणीचा इतिहास म्हणजे नुसता वाडा आणि बॉर्डर का? वखारीतल्या माणसांचं कुणाला काय माहिती असेल तर सांगा

पुण्यातला_निपाणीकर
नमस्कार मंडळी, मी मूळचा निपाणीचा, आता १८ वर्षं झाली पुण्यात आहे. लेकीला शाळेत प्रोजेक्ट आलाय, "माझं मूळ गाव". ती नेटवरनं शोधून आली ते एवढंच की निपाणी तंबाखूसाठी प्रसिद्ध आणि निपाणी सीमाभागात येते. संपला इतिहास.

आता गंमत बघा, आमच्या आजीचं उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. गेल्या महिन्यात गावी गेलो तर ट्रंकेत तिचं हजेरीचं कार्ड सापडलं, अंगठा उठवलेला, कडेला तपकिरी डाग आणि अजून वास येतोय त्याला. आजीला विचारलं तर म्हणते त्यात काय सांगायचं, सगळ्याच जात होत्या. वखारीत नेमकं काय चालायचं, गाव एवढं वाढलं कशानं, जुन्या लोकांनी सांगा की जरा. तारखांपेक्षा माणसांचं सांगितलं तर बरं होईल.

माळावरचे_मास्तर
तारखा नको म्हणालात तरी मास्तर माणूस आहे, दोनचार ऐकाव्या लागतील. गाव नावारूपाला आलं ते सिधोजीराव नाईक-निंबाळकरांमुळं, म्हणजे अप्पा देसाई निपाणकर, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले सरदार. त्यांच्या वाड्याचं सगळेच सांगतात म्हणून मी थांबतो.

पण लेकीला हे नक्की लिहायला सांगा, १९२५ साली एप्रिल महिन्यात बाबासाहेब आंबेडकर निपाणीला आले होते, मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या परिषदेला. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे त्याच्याही २ वर्षं आधी. गावातल्या किती पोरांना हे माहिती असेल? मी वर्गात विचारायचो तर सगळी खाली बघायची.

आणि बॉर्डर बॉर्डर म्हणून कंटाळा आला असला तरी ती सोडून गाव कळत नाही हो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्ह्याबरोबर निपाणीही मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेली. पुढं सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर तिकडंच ठेवा पण निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या असं लिहिलंय, तो अहवाल महाराष्ट्रानं मानला नाही कारण बेळगाव सोडायचं नव्हतं, आणि झालं काय तर आम्ही होतो तिथंच. बाजार आमचा कोल्हापूरचा, ४० किलोमीटर, आणि जिल्ह्याचं काम म्हटलं की बेळगाव, ७५ च्या आसपास. सातबारा कन्नडमधनं आला की वाचायला शेजाऱ्याकडं जायचं, आणि तो शेजारी पण प्रेमानं वाचून देतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

चहा_मारके
मास्तर, कॉलेजचं राहिलं की. गाव कर्नाटकात आणि गावचं कॉलेज महाराष्ट्रात 😄 देवचंद कॉलेज, अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठ. १९६१ पासनं हेच चाललंय. आम्ही रोज सकाळी सायकलवरनं परराज्यात शिकायला जाऊन दुपारी जेवायला परत यायचो. देवचंद शाह म्हणजे तंबाखूतलेच व्यापारी, म्हणजे ते कॉलेज पण एका अर्थानं तंबाखूतनंच उगवलंय.

अक्कोळ_शिवार
दादा, गाव वाढलं तंबाखूनं यात वादच नाही. देशात बिडीच्या तंबाखूचे दोनच मोठे पट्टे, एक गुजरातेत चरोतर आणि दुसरा आमचा. काळी जमीन, पावसाळ्यात लागण आणि नंतर कोरडी थंडी, पानाला जो कडकपणा येतो तो त्यातनंच. रेल्वे निपाणीला कधीच आली नाही बरं का, पुणे-बेंगळूर हायवे हीच आमची रेल्वे, मालाचे बोद म्हणजे मोठी पोती ट्रकनं सगळीकडं जायचे.

आता शेतकऱ्याचं ऐका. रोपाचा शेंडा खुडायचा, मग बगलेत फुटवे येतात ते परत परत काढायचे म्हणजे ताकद पानात राहते. ते करताना हाताला जो काळा चीक बसतो तो साबणानं जात नाही, दुपारी त्याच हातानं भाकरी मोडली की घास कडू. लहानपणी मला वाटायचं शेतातली भाकरी कडूच असते.

१९७९ पर्यंत कच्च्या तंबाखूवर केंद्राची एक्साईज होती. आपल्याच रानात पिकवलेला माल, पण किती एकर लावला, किती निघाला सगळं लिहून द्यायचं आणि परमिट असल्याशिवाय हलवायचा नाही. अबकारीचा माणूस गल्लीत आला की आज्जा आधी डोक्याचा पटका नीट करायचा. आणि व्यापाऱ्याकडं माल टाकला की वास घेऊन, चुरगाळून भाव, वर घट, वर सूट, पैसे नंतर बघू. हे "नंतर" कधीकधी पुढच्या पावसाळ्यापर्यंत जायचं.

म्हणून तर १९८१ झालं. मी ११-१२ वर्षांचा असेन. शरद जोशी आले, मार्चमध्ये शेतकरी बैलगाड्या घेऊन हायवेवरच बसले, त्या जागेला आंदोलननगर नाव पडलं. आमच्या गल्लीतनं रोज भाकरीच्या बुट्ट्या जायच्या, कुणाच्या घरच्या किती याचा हिशेबच नव्हता. आई १०-१० भाकरी थापायची आणि मला त्या गाडीवर टाकून यायला सांगायची. ६ एप्रिलला पोलिसांनी रस्ता मोकळा केला, गोळीबार झाला, माणसं गेली. त्या दिवशी बुट्टी रिकामी परत आली नाही. एवढंच आठवतंय, बाकी घरात कुणी बोलत नव्हतं.

आता आमच्या ५ एकरात ४ एकर ऊस आहे. उसाला निदान कारखाना तरी आहे, भावाचं रडगाणं तेच 🙂

बिडीवालीची_लेक
सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय, पण सगळं बाप्यांच्या बाजूनं झालं म्हणून लिहितेय. दादा तुमच्या आज्जीचं कार्ड जपून ठेवा, लॅमिनेट करू नका, वास जाईल.

वखारीत काय चालायचं ते मी सांगते, मी आईचा डबा घेऊन जायची. वाळलेली पानं ढीग करून काठीनं बडवायची, मग चाळायची, जाड वेगळं, बारीक वेगळं. खिडक्या अर्ध्या बंद, कारण वाऱ्यानं माल उडतो. आणि आतल्या बायकांचं काय? पदर नाकाला बांधायचा, एवढंच. मी दारात डबा ठेवून शिंकत शिंकत पळायची आणि आतनं सगळ्या हसायच्या. गल्लीत संध्याकाळी कोण वखारीतनं आलंय ते न बघता वासावरनं कळायचं. लग्नकार्यात काही लोक आमच्यापासनं जरा लांब बसायचे, त्याचं पण कारण वास, असं ते म्हणायचे.

गुडघे दुखायला लागल्यावर आईनं वखार सोडली आणि घरी बिड्या वळायला घेतल्या. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापायचं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दोरा दातात. हजारी म्हणजे हजार बिड्या पुऱ्या झाल्या की मजुरी. मी चौथीत असताना तोंडं बंद करून द्यायची, अभ्यास पाठ म्हणत म्हणत. देऊन यायला गेलं की त्यातल्या कितीतरी छाट म्हणून बाजूला काढायचे, पैसे नाहीत, आणि ती छाट परत मिळायची पण नाही. ती कुठं जात होती हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

बिडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, पण तो कागदावरनं आमच्या गल्लीत यायला प्रा. सुभाष जोशींसारख्या माणसांना बायका गोळा कराव्या लागल्या. आई पहिल्यांदा मोर्च्याला गेली तेव्हा आज्जी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, किती बायका होत्या ग?

मास्तर, तुम्ही १९५६ सांगितलं आणि त्याच सालातल्या १७ जानेवारीच्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांत आपल्या निपाणीच्या कमळाबाई मोहिते आहेत हे विसरलात होय?

माळावरचे_मास्तर
विसरलो ताई, चूक कबूल. वर्गात असतो तर कान धरले असते माझे.

चहा_मारके
उरूस पण लिहा ओ प्रोजेक्टमध्ये. चव्हाण वाड्यातनं दर्ग्याला गलेफ म्हणजे चादर जाते हे पुण्यातल्या बाईंना समजावून सांगताना पोरीची मजा येईल.

पुण्यातला_निपाणीकर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल रात्री बिडीवाली ताईंचं फोनवर आजीला वाचून दाखवलं. वासावरनं कळायचं तिथं "हं" म्हणाली. मग बराच वेळ गप्प, आणि एकदम आपणहून सुरू झाली, कोण शेजारी बसायची, कोण गाणी म्हणायची, कोण चाळताना चक्कर येऊन पडली आणि मुकादमानं तिची अर्धी हजेरी कापली. लेकीनं स्पीकरवर टाकून ४० मिनिटं रेकॉर्ड केलंय. मला अर्धी नावं कळली नाहीत, काही कन्नड शब्द पण आहेत मधे. ताई, तुम्हाला ऑडिओ पाठवला तर ऐकून सांगाल का, "गौरव्वा" कुठल्या गल्लीतली असेल?

बिडीवालीची_लेक
पाठवा की. गौरव्वा दोन होत्या, आवाज ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही.

पुण्यातला_निपाणीकर
आवाज आजीचाच आहे ओ, गौरव्वाचा कुठनं असणार 😅

बिडीवालीची_लेक
आज्जी तिची नक्कल करत असेल ना. एक तोतरी बोलायची.