५ फुटी प्लांटेड टँकला लाइट कुठली घेऊ? डोकं फिरलंय

नाशिकचा_गप्पी:
मंडळी नमस्कार, हॉलमधे प्लांटेड टँक म्हणजे जिवंत पाणझाडांचं अ‍ॅक्वेरियम करतोय, ५ बाय २ बाय २ फुटाचा टँक बनवून घेतलाय, साधारण ५५० लिटर, काचेचं काम झालंय स्टँड पण आलाय पण लाइटवर गाडी अडलीये. दुकानदार म्हणतो २५० वॉटच्या खाली काही घेऊच नका कारण गॅलनला २ वॉट लागतात, आणि ऑनलाइन जी आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या एलईडीची) लाइट बघितली तिची किंमत बघून बायको म्हणाली त्यापेक्षा फ्रिज बदलू 😅 सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) सध्या लावणार नाहीये. झाडं म्हणजे व्हॅलिस्नेरिया, क्रिप्ट, लाकडावर अनुबियास, आणि जमलं तर एखादं लाल काहीतरी. काय करू?

शेवाळग्रस्त:
भाऊ ते गॅलनला २ वॉट ट्यूबलाइटच्या जमान्यातलं गणित आहे, एलईडीला लावू नका. एलईडी १ वॉटला ८०-१०० ल्युमेन आरामात देते म्हणून वॉट सोडा आणि ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघा. तुमची झाडं सगळी सोशीक आहेत आणि सीओटू नाही, मग लिटरला १५ ते २० ल्युमेन पुरे, म्हणजे ८ ते ११ हजार. ५० वॉटच्या ३ साध्या फ्लडलाइट, ६५०० केल्विनवाल्या (पांढऱ्या उजेडाच्या), इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात त्या, काम झालं. मला तर यात १५० वॉट पण जास्तच वाटतात, वर उचलून टांगा म्हणजे उजेड आपोआप कमी होतो. रोज ७ तास चालवल्या तरी महिन्याला ३०-३२ युनिट.

मॉस_ताई:
फ्लडलाइट चालते मान्य, पण तिला उजेड कमी-जास्त करायचा डिमर नसतो आणि अर्धा उजेड टँकबाहेर सोफ्यावर पडतो, हॉलमधे रात्री डोळ्यावर येतं ते कोणी सांगत नाही. आणि २ फूट खोली विसरू नका, वर झाड झगझगीत दिसतं पण तळाला पोचेपर्यंत बराच उजेड गेलेला असतो, शिवाय टँक २ फूट रुंद आहे, मधोमध एकच एलईडी पट्टी लावली की पुढच्या काचेजवळची क्रिप्ट अंधारात. पट्टी घेणार असाल तर दोन घ्या, एक पुढे एक मागे. कोणीतरी पार मीटर (झाडांच्या कामाचा उजेड मोजायचं यंत्र) देत असेल तर तळाला मोजा, ३० च्या आसपास आला तर तुमच्या झाडांना बास.
लाल झाडाचं म्हणाल तर रोटाला मॅक्रान्ड्रा भारतातलीच आहे पण सीओटूशिवाय तिच्या नादी लागू नका हो. आरजीबीखाली लाल जास्त लाल दिसतं, त्यातला बराचसा भाग डोळ्यांचा खेळ असतो.

शेवाळग्रस्त:
ताई सोफ्याचं पटलं 😂 त्याला पत्र्याची झालर लावता येते. पण डिमरसाठी तिप्पट पैसे कोण देणार?

मॉस_ताई:
ज्याला पहिल्या महिन्यात शेवाळाचं हिरवं पाणी नको असेल तो देईल. झाडं मुळं धरेपर्यंत उजेड कमीच हवा ना.

नाशिकचा_गप्पी:
आणि तास किती? घरी आम्ही संध्याकाळीच असतो, सकाळपासून चालू ठेवून उपयोग काय

वायरमन_काका:
मग दुपारी ४ ते रात्री १० लाव, ६ तासाने सुरुवात कर, महिन्याभरात शेवाळ नाही आलं तर ८ कर, त्यावर जाऊ नको. टायमर प्लग लाव, हाताने चालू-बंद करशील तर रोज वेळ बदलणार. आणि फ्लडलाइट घेतलीस तर अर्थिंग नीट बघ, तिच्यावर आयपी६५ लिहिलंय म्हणजे शिंतोडे चालतात, पाण्यात पडलेली चालत नाही! साखळीने छतालाच टांग, काचेवर ठेवू नको. वायर सॉकेटच्या खाली लोंबवून मग वर घे म्हणजे थेंब सॉकेटात उतरत नाही. टांगलेली असली की एप्रिल-मे मधे पाणी गार ठेवायला वरून पंखा पण मारता येतो.

नाशिकचा_गप्पी:
ठरलं मग, सध्या २ फ्लडलाइट टांगतो आणि तिसरीची जागा ठेवतो. लाल झाडाला सुट्टी. काका, छताला पीओपी आहे, हूक धरेल का?

वायरमन_काका:
पीओपीला नाही धरणार, वर स्लॅबपर्यंत ड्रिल कर आणि अँकर मार.