धूर कधी मारणार?

ए-१०२: सेक्रेटरीकाका, धूर फवारणी कधी आहे? भरदुपारी पोरीचे पाय फोडून काढलेत डासांनी.

सेक्रेटरी: मागच्याच आठवड्यात झाली की वहिनी.

सी-३०४: झाली, आणि चार दिवसांत मंडळी परत हजर.

बी-४०३: होणारच. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या ढिम्म. अंड्यापासून डास व्हायला ८-१० दिवस पुरतात. आणि दिवसा चावतायत म्हणजे बहुतेक एडिस, डेंग्यूवाला. त्याची मादी साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. मागच्या गटाराला उगाच शिव्या देऊ नका.

सी-३०४: त्या मीच देतो. पण ताई, माझ्या घरात पाणी साठलेलं कुठेच नाही.

बी-४०३: फ्रिजच्या मागचा ट्रे?

सी-३०४: फ्रिजला ट्रे असतो??

सी-३०४: ओढला फ्रिज. ट्रेमध्ये बोटभर पाणी आणि नुसती वळवळ. टॉर्च मारला की सगळ्या झपकन तळाला जातात. ई!

बी-४०३: पुन्हा वर येतील बघा. शेपटीकडच्या नळीने श्वास घेतात, म्हणून डोकं खाली करून लटकलेल्या असतात. स्वल्पविरामासारखे वाकडे दिसतायत ते कोष, एक-दोन दिवसांत उडाले असते. पाणी कोरड्या मातीवर ओता आणि ट्रे घासा.

ए-१०२: आमचं पिंप दर रविवारी रिकामं करते मी. तरी शुक्रवारपर्यंत अळ्या!

बी-४०३: रिकामं करता की घासता? अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या बाजूला चिकटलेली असतात. काळे बारीक ठिपके, राईपेक्षाही लहान. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पाणी चढलं की फुटतात. तुम्ही पाणी ओतता, अंडी तिथेच राहतात. काथ्याने खसाखसा घासा, मग पालथं घालून वाळवा.

ए-१०२: अगं बाई. इतके दिवस नुसतंच ओततेय.

बी-२०१: डास पळवणारं अ‍ॅप आहे, कानाला ऐकू न येणारा आवाज करतं. लिंक टाकू?

बी-४०३: नको आजोबा. डासही ऐकत नाहीत त्याचं.

बी-२०१: बरं. मग कारंज्याच्या हौदात गप्पी मासे तरी सोडा.

बी-४०३: ते मात्र चालेल. अळ्या मटकावतात.

सेक्रेटरी: गच्चीवर जाऊन आलो. बी विंगच्या टाकीचं झाकण अर्धं उघडं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळीच नाही. उद्या प्लंबरला सांगतो. आणि जिन्याच्या टोकाशी दोन जुने टायर आहेत. कोणाचे?

सेक्रेटरी: कोणाचे टायर?

ए-४०१: (मेसेज डिलीट केला)

सी-३०४: वाचला आम्ही.

ए-४०१: माझे. उलटे करून ठेवतो.

बी-४०३: कसेही ठेवा, आतल्या खोबणीत पाणी राहतंच. भंगारात द्या.

ए-४०१: देतो.

सेक्रेटरी: ठरलं तर. दर रविवारी कोरडा दिवस. पिंप, बादल्या, कुलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं घासून पुसून. मी स्वतः प्रत्येक मजल्यावर फिरणार.

बी-४०३: काका, सोसायटीच्या ऑफिसात तुमच्या टेबलावर बाटलीत मनी प्लांट आहे ना?

सेक्रेटरी: त्याचं पाणी मी नियमित बघतो.

बी-४०३: बदलता की वरून भर घालता?

सेक्रेटरी: थांब, चावी घेऊन जातो.

ए-१०२: काका?

सेक्रेटरी: बाटली धुवायचा लांब ब्रश आहे का कोणाकडे?