फेटे शुक्रवारी की शनिवारी?

मंडळी, नाटकाचे फेटे मिळाले एकदाचे. नागपूरच्या इतवारी बाजारात दोन दिवस घातले. विमान नागपूरहून शुक्रवारी पहाटे ४ ला, दोह्याला बदल. पुढे शिकागोला घ्यायला कोण येणार? प्रवास साधारण २४ तासांचा धरा.
– नाटकवाला (सध्या धरमपेठ)

म्हणजे शनिवारी पहाटे. रंगीत तालीम शुक्रवारी सातला आहे! ढोलांच्या वेळी हेच झालं होतं.
– सचिव

साहेब, ढोल राहू द्या. नोव्हेंबरात इथली, शिकागोची घड्याळं मागे गेली की फरक साडेअकरा तासांचा. तिथे शुक्रवार पहाटे ४, तेव्हा इथे गुरुवार दुपारचे साडेचार. त्यात २४ मिळवा. शुक्रवार, साडेचार.
– खजिनदार

तो घड्याळाचा तास तिकिटात धरलेला असतो की आपण धरायचा? गेल्या खेपेस मी तासभर आधी जाऊन पार्किंग भरलं.
– नेपरव्हिलची वहिनी

तिकिटावर त्या-त्या गावची वेळ असते. काही मिळवू नका, वजा करू नका.
– खजिनदार

पण दोहा कशाला? सरळ मुंबईहून यावं. आम्ही पुण्याचे नेहमी तसेच येतो.
– काका

काका, सगळं मुंबईवरूनच कायले? मुंबई म्हणजे पश्चिमेला ६८० किलोमीटर. पृथ्वीगोलावर नागपूर ते शिकागो दोरा ताणून बघा, ध्रुवाच्या बाजूने जातो, साधारण १२,९०० किमी. दिल्ली जवळपास त्याच दोऱ्यावर येते, ज्यादा काही पडत नाही.
– महालवाली

आणि दोह्यावरून? १४,३००! मुंबईवरून १३,६००. मी मोजलंय.
– काका

मुंबईत टर्मिनल बदलून, बॅगा पुन्हा चढवून बघा मग. दिल्लीचंही कागदावरच सरळ आहे. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमान कंपन्यांना बंद, त्यांना वळसा पडतो. दोह्यावरून यायचं तर बॅग सोनेगावला टाकली की थेट शिकागोला निघते. फेट्यांना तेच बरं.
– महालवाली

सोनेगाव नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. पत्रकात नीट लिहा.
– सचिव

बाप्पा, शुक्रवार पहाट म्हणजे गुरुवारी रात्री जेवून निघायचं बरं का. आमचे हे शुक्रवारी रात्री बॅगा घेऊन पोचले होते. गेटवरच्या शिपायाने तिकीट बघितलं आणि ह्यांना आधी खुर्ची दिली.
– काकू

काकू, गुरुवारीच निघतोय. आणि तिकिटावर ‘शुक्रवार दुपारी ३:२०’ छापलेलंच आहे, आत्ता पाहिलं. बाहेर पडेस्तोवर साडेचार. फेटे चाळीस आहेत, बांधलेले.
– नाटकवाला

बांधलेले?? मग माझी गाडी पुरणार नाही. काका, तुमची व्हॅन?
– खजिनदार