दहावीनंतरच्या सुट्टीत विद्यापीठाचा समर प्रोग्राम की कॉलेज रोडची व्हेकेशन बॅच?

सातपूरची_मी
नमस्कार. मी नाशिकची. मार्चमध्ये माझी दहावीची परीक्षा संपेल. मराठी माध्यम. दिल्लीजवळच्या एका खासगी विद्यापीठाच्या कॅम्पसवर मे-जूनमध्ये निवासी प्रोग्राम आहे, कॉलेजची पूर्वतयारी म्हणून. मी फॉर्म भरला आणि निवड झाल्याचा ईमेलही आला. फी पप्पांच्या दोन पगारांएवढी. ते अंबडला कंपनीत आहेत. नाही म्हणाले नाहीत, पण त्या दिवशी जेवताना गप्पच होते.

आत्याचं म्हणणं, एप्रिलपासून कॉलेज रोडवर अकरावीची व्हेकेशन बॅच सुरू होते, ती बुडली की मागे पडशील. मला गणित आवडतं, पण इंजिनिअरिंगच करायचं असं काही ठरलेलं नाही. जाऊ का? पुढे ॲडमिशनला त्या सर्टिफिकेटचा काही उपयोग होतो का? आणि तिथल्या मुलांपुढे माझं इंग्रजी टिकेल का?

गंगापूर_रोड_सर
मी स्वतः क्लास घेतो, तरी खरं सांगतो. व्हेकेशन बॅचमध्ये व्हेक्टर, त्रिकोणमिती, थोडं डिफरन्सिएशन होतं. बुडलं तर जुलैत भरून काढता येतं. आत्याबाईंना सांग, आकाश कोसळत नाही.

सर्टिफिकेटचं म्हणशील तर जेईई, नीट, सीईटी, सगळीकडे रँक बघतात. आयसर (IISER) या विज्ञान संस्थांनाही त्यांची स्वतःची ॲप्टिट्यूड टेस्ट द्यावी लागते. सर्टिफिकेटचा एक मार्कही मिळत नाही. काही खासगी विद्यापीठं निबंध आणि मुलाखत घेतात, तिथे तू काय केलंस हे सांगता येईल, एवढंच.

पंचवटीची_ताई
सरांचं बरोबर आहे, पण प्रश्न फक्त ॲडमिशनचा नाही गं.

मी अकरावीनंतर, २०२४ च्या जूनमध्ये अशाच एका प्रोग्रामला गेले होते. फी जवळजवळ सगळी माफ झाली होती, नाहीतर आमच्या घरात तो विषयही निघाला नसता. आता पुण्यात अर्थशास्त्र शिकते.

पहिला धक्का म्हणजे तिथे कोणी नोट्स देत नाही. रात्री वीसेक पानं वाचायला देतात आणि सकाळी मॅडम वर्गात येऊन विचारतात, ‘यातलं काय पटलं नाही?’ आपल्याला दहा वर्षांत कोणी हे विचारलेलं नसतं. दिल्ली-बेंगळुरूची मुलं घडाघडा बोलत होती. मी सुरुवातीला वहीत मान घालून बसायचे.

मग एक दिवस निर्यातबंदीचा विषय निघाला. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली होती. ती मे २०२४ मध्ये उठली, पण ४० टक्के शुल्क ठेवूनच. एक मुलगा म्हणाला, भाव नसेल तर शेतकऱ्याने थांबावं, चढल्यावर विकावं. माझ्या मामाची निफाडला कांदा साठवायची चाळ आहे. मी म्हटलं, अरे, उन्हाळ कांदा चाळीत टाकला की दर महिन्याला वजन घटतं. पावसाळी हवा लागली की सडतो, उरलेल्याला कोंब येतात. गावच्या सोसायटीचं पीककर्ज थांबत नाही ते वेगळंच. लासलगावला लिलाव कसा होतो, ट्रॅक्टरच्या रांगेत बोली कशी लागते, तेही सांगितलं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं. पण मॅडमनी फळ्यावर आलेख काढला आणि साठवणुकीच्या खर्चाचा पुढचा अख्खा तास त्यावर घेतला. त्या दिवसानंतर माझ्या इंग्रजीकडे कुणी लक्ष दिलं नाही, मीसुद्धा नाही.

म्हणून इंग्रजीसाठी अडू नकोस. पण पैसे भरण्याआधी ईमेल करून विचार, शिकवणार कोण? विद्यापीठाचे प्राध्यापक, की सुट्टीत रिकामं कॅम्पस भाड्याने घेणारी बाहेरची कंपनी? दुसरा प्रकार खूप असतो, आणि माहितीपत्रकावर इमारतीचा फोटो तोच असतो. फीमाफीचा अर्ज आहे का, जाणं रद्द झालं तर पैसे परत मिळतात का, हेही लेखी घे. कर्ज काढून मात्र अजिबात जाऊ नकोस.

गणित आवडतं तर लोढा जिनियस प्रोग्राम बघ. लोढा फाउंडेशन आणि अशोका विद्यापीठ मिळून चालवतात, नववी ते बारावीसाठी, सोनीपतला, आणि निवड झाली की खर्च त्यांचा. अर्ज खूप आधी मागवतात, त्यामुळे पुढच्या वर्षीसाठी दिवाळीपासूनच नजर ठेव.

दिंडोरीवाला
घरी नववीतलं कोणी असेल तर इस्रोचा ‘युविका’ हा शाळकरी मुलांसाठीचा अंतराळविज्ञानाचा प्रोग्राम विसरू नका. २०१९ पासून आहे, मे महिन्यात, मोफत. ग्रामीण भागातल्या शाळेत शिकणाऱ्यांना निवडीत जादा गुण असतात. आमच्याकडच्या शाळांत नोटीसबोर्डावर कधी लावतच नाहीत.

इंदिरानगरची_काकू
बाळा, कुठेही जा, पण अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचं आधी बघ. २०२५ ला दहावीचा निकाल १३ मे रोजीच लागला होता. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर काढतात. लॉगिन, पासवर्ड आणि सगळे दाखले पप्पांच्या हातात देऊन जा. शेजारच्या मुलीच्या वेळी ओटीपी तिच्या फोनवर आणि ती मनालीला. नुसती पळापळ.

सातपूरची_मी
सगळ्यांचे आभार. ताईंनी सांगितल्यासारखा ईमेल केला. उत्तर आलं: शिकवायला ‘नामवंत पाहुणे तज्ज्ञ’, नावं प्रोग्राम सुरू होण्यापूर्वी कळवू, फीमाफीची सोय नाही. पप्पांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘म्हणजे पैसे आधी, माणसं नंतर.’

नाही जात. व्हेकेशन बॅचला सकाळचीच वेळ घेतली आहे, लोढाचा अर्ज पुढच्या वर्षी भरीन. ताई, तुम्हाला तिथे वाचायला दिलेली ती पानं अजून आहेत का?

पंचवटीची_ताई
आहेत, पेनाने रंगवलेली. मेसेज कर, स्कॅन करून पाठवते. कांद्याच्या आधीचं प्रकरण वगळलंस तरी चालेल, भयंकर कंटाळवाणं आहे.