मदत हवी आहे: कॉफी बीन्स ठेवायला डबा कोणता घ्यावा?

मंडळी, मी बडोद्यात दांडिया बाजारजवळ राहते, भाऊ चिकमंगळूरहून भाजलेल्या बीन्स पाठवतो, 500 ग्रॅमचं पाकीट. पहिले आठ-दहा दिवस दळताना घर नुसतं घमघमतं आणि मग हळूहळू वासच जातो, पावसाळ्यात तर विचारू नका, इथे तेव्हा तळलेला पापड तासाभरात मऊ पडतो. आधी काचेच्या बरणीत ओट्यावर ठेवायचे पण तिथे खिडकीचं ऊन येतं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्या तर बाहेर काढल्यावर दाण्यांना पाणी सुटलं आणि कॉफीला चक्क कोथिंबिरीचा वास! फार हळहळ वाटली.

आता स्टीलचा रबर रिंगवाला घट्ट डबा चालेल का, की हवा काढायचा पंप असलेलाच घेऊ? ताज्या भाजलेल्या बीन्समधून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, म्हणूनच पाकिटाला तो एकतर्फी व्हॉल्व्ह असतो ना, मग लगेच डब्यात भरू की थोडे दिवस पाकिटातच राहू देऊ? 100-100 ग्रॅमचे छोटे डबे करावेत असंही वाटतंय, म्हणजे रोज एकच उघडेल. बाकीचे फ्रीझरमध्ये ठेवून कोणी बघितलंय का? बजेट हजारापर्यंत आहे, पुढचं पाकीट या आठवड्यात येतंय, प्लीज लवकर सांगा.