अनुभव धागा: एकाच माणसासमोर ठरवून बसलात, तेव्हा काय शिकलात?

धागाकर्ती:
आजी गेली आणि तिच्यासोबत आमच्या घरातले खापरावरचे मांडे (मातीच्या उलट्या भांड्यावर भाजायची मोठी, पातळ पुरणपोळी) पण गेले. घरात सात बायका, सगळ्यांनी पोटभर खाल्ले, पण एकीनेही तिच्याजवळ बसून विचारलं नाही. म्हणून यंदा अक्षय्यतृतीयेच्या आधी गल्लीतल्या एका मावशींना चक्क फोन करून सांगितलं, मला तुमचे दोन तास पाहिजेत, फक्त तुम्ही आणि मी. त्या आधी हसल्या, मग विचारलं "कोणी पाहुणे येताय का बाई?" गेले. मला वाटायचं सगळी कला हातावर फिरवण्यात आहे, पण अर्धा वेळ तर त्या पीठच आपटत होत्या. म्हणे लाटणं नाही ना इथे, मग पीठ ताणलं गेलं पाहिजे, आणि मांडा कोपरापर्यंत उतरला की लगेच खापरावर, विचार करत बसलं की फाटतो. माझे तीन फाटले.
तुमचेही येऊ द्या.

केळीवाला:
रावेर तालुका. लॉकडाऊनमध्ये नोकरी सोडून घरी आलो, केळीतलं काही कळेना. शेजारच्या काकांना म्हटलं दर शनिवारी संध्याकाळी बांधावर अर्धा तास द्या. पहिले दोन शनिवार खत, ड्रिप, भाव, जे सगळेच बोलतात तेच. तिसऱ्यांदा विचारलं, काका तुमचं सगळ्यात जास्त नुकसान कोणत्या थंडीत झालं? काका गप्पच झाले, तंबाखू मळत बसले, आणि मग जे सुरू झाले ते अंधार पडला तरी थांबेना. पारा दहाच्या खाली गेला की घड बाहेर पडताना अडकतो हे मी वाचलेलं होतं, पण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणून ते रात्रीच सोडायचं, शेकोट्या वारा येतो त्या बाजूला पेटवायच्या म्हणजे धूर बागेत शिरतो, आणि धूर व्हायला काडीकचरा थोडा ओला पाहिजे, हे तिथे कळलं. काकांनी त्या वर्षी शेकोट्या उलट्या बाजूला पेटवल्या होत्या. इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं म्हणे.

कट्टेकरी:
हे ठरवून बिरवून म्हणजे इंटरव्ह्यूच झाला की भो. आमच्या पारावर चार जण बसले की आपोआप सगळं कळतं.

धागाकर्ती:
@कट्टेकरी पारावर ज्याचा आवाज मोठा त्याचंच कळतं 😀 केळीवाल्याचे काका पारावर शेकोटीची चूक सांगतील का?

पांझराकाठ:
माझा फसलेला अनुभव. कॉलेजच्या प्रोजेक्टला फड पद्धत (नदीच्या बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी पद्धत) घेतली होती, साक्रीकडच्या एका म्हाताऱ्या पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या, बाबांकडे २२ प्रश्नांची यादी आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग घेऊन गेलो. उत्तरं काय, "हा", "नही", "व्हतं तसं". पाऊण तासात उठलो. निघताना बाबा म्हणे पाटावर चाललो, येतोस का. फावडं माझ्या खांद्यावर दिलं आणि मग चालता चालता सगळं आपसूक निघालं. फडात शेतकऱ्याने स्वतःच्या शेताला स्वतः पाणी द्यायचंच नाही, पाटकरीच देणार, सख्ख्या भावाचं शेत असलं तरी पाळी मोडायची नाही. आणि एका फडात, म्हणजे जमिनीच्या एका पट्ट्यात, सगळ्यांचं पीक एकच, त्यामुळे पाणी मोजायची भानगडच नाही. मी विचारलं भावाने कधी भांडण केलं का, तर म्हणे "दोन सालं बोलना नही." मोबाईल खिशात होता, रेकॉर्डिंग बंद. घरी येऊन आठवेल तसं लिहून काढलं.

आसोदेकर:
आमच्या गावच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या ओव्या म्हणत होत्या तेव्हा मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं म्हणून १९५२ मध्ये पुस्तक तरी झालं. बाकी जात्यावरच्या किती जणींचं गेलं कोण जाणे.

भुसावळची पोरगी:
पप्पा मालगाडीचे गार्ड होते, आता रिटायर. एकाच घरात राहून "जेवले का" "गोळी घेतली का" याच्यापुढे बोलणं नाही. हा धागा वाचून काल म्हटलं पप्पा, रविवारी चार वाजता मला एक तास पाहिजे. आज बरोबर चारला इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले! पहिला प्रश्न काहीच सुचेना म्हणून विचारलं, तुम्ही जेवताना ताट डाव्या हाताने का धरून ठेवता? म्हणे तीस वर्षं हलत्या ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या शेवटी गार्डचा डबा असतो तो) जेवलो, सोडलं की जेवणाचा डबा सरकायचा.