मदत हवी आहे: संध्यामठ आडवा पडतोय, आणि टिटवीचंही एक आहे

नमस्कार मंडळी,

चार वर्षं इथं नुसती वाचत आले. धागा पहिलाच आहे, विभाग चुकला असेल तर हलवा.

मी कोल्हापूरची, पेठेतली. सकाळी साडेपाचला घर सोडते, रंकाळा तलावाला एक फेरी मारते, येताना दूध घेते आणि मग ऑफिसच्या मागं लागते. फेरीत हातात फोन असतो. मोठा कॅमेरा नाही, घ्यायचाही नाही. फोटो रोजचेच: केंदाळावर लग्नाला आल्यासारखी पाय उचलून टाकणारी जांभळी पाणकोंबडी, पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा, वायरीवर एकमेकांना चिकटून बसलेले वेडे राघू. तलावातल्या दगडी संध्यामठाचे तर एकाच कठड्यावरून काढलेले दीडेकशे आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो खालपर्यंत मोकळा होतो, पावसाळ्यात बुडत बुडत नुसता माथा राहतो. शिवाय वर्षातून दोन-तीन सहली, खिद्रापूर, दाजीपूर, मसाई पठार, अशा एसटीनं जाऊन येण्यासारख्या.

यातला आठवड्याला एक फोटो इथं टाकावा असं मनात आहे. पण गाडी पहिल्याच पायरीवर अडली. उभा धरून काढलेला फोटो माझ्या गॅलरीत सरळ दिसतो, इथं चढवला की आडवा. तीनदा चढवला, तिन्ही वेळा संध्यामठ कुशीवर झोपलेला. आमचे हे म्हणाले, "बघणाऱ्यांना मान वाकडी करायला सांग." घरातून मिळालेली मदत एवढीच.

दुसरं, धुकं. डिसेंबरातलं धुकं डोळ्याला दुधासारखं दिसतं, फोटोत धुण्याचं पाणी. उलट बगळा काढायला जावं तर बगळ्याच्या जागी नुसता पांढरा डाग.

मग जुने फोटो. २०२१ च्या जुलैतल्या पुराचे बरेच काढले होते. तो फोन गेला. बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलेले तेवढे परत मागवून घेतले, तर सगळ्यांवर तारीख आत्ताची. कुठला फोटो पाणी चढतानाचा आणि कुठला उतरतानाचा, माझं मलाच कळेना.

चोरीचंही सांगते, हसा हवं तर. गेल्या हिवाळ्यात रंकाळ्याच्या धुक्याचा एक बरा फोटो जमला, तो फिरायच्या ग्रुपवर टाकला. महिनाभरानं इचलकरंजीच्या मामेबहिणीनं मला तोच पाठवला. वर 'शुभ सकाळ', दोन गुलाब, खाली समई, आणि कोपऱ्यात 'छायाचित्रण' म्हणून कुणा अनोळखी गृहस्थांचं नाव. सोबत तिचा मेसेज: "असे फोटो काढायला शीक की जरा." डाव्या कोपऱ्यात कठड्यावर ठेवलेल्या माझ्या पाण्याच्या बाटलीचं निळं टोपण आलंय, त्यावरून ओळखला. नाहीतर मीही 'छान' म्हणून पुढं ढकलला असता.

आता टिटवी. खरं तर धागा हिच्यासाठीच काढलाय.

एप्रिलमध्ये आमच्या वाटेवरच्या एका मोकळ्या प्लॉटवर, खडी पसरली होती तिथं, टिटवीनं अंडी घातली. चार होती, पण चार आहेत हे कळायलाच दोन मिनिटं गेली, इतकी ती खडीच्या रंगाची. निमुळती टोकं आत, रुंद बाजू बाहेर, कुणी बेतून मांडावी तशी. रविवारी भर दुपारी तिकडून गेले तर बाई कुठूनशी पोट भिजवून आली आणि तशीच निथळत अंड्यांवर बसली. लांबून, झूम करून एक फोटो काढला. ग्रुपवर फोटो खराब होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठव, असं भाच्यानं शिकवलं होतं. तसाच पाठवला. जागा कुणालाही सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचजण त्या प्लॉटवर फोन काढून उभे, आणि टिटवी त्यांच्या डोक्यावरून ओरडत फिरतेय. जागा कशी कळली म्हणून विचारलं, तर एक काका कौतुकानं म्हणाले, "तुमच्या फोटोतच नकाशा होता की ओ ताई!" तिसऱ्या दिवशी दोन अंडी उरली. चौथ्या दिवशी एकही नाही. कुत्रं, कावळे की पोरं, कोण जाणे. सासूबाईंचं मत वेगळंच: टिटवीनं यंदा सखल जागी अंडी घातली होती, म्हणजे पाऊस बेताचाच. मी मात्र वाट बदलली.

तर फोटो चांगलाही दिसावा आणि जागाही फुटू नये, असं दोन्ही जमतं का? आणि घरट्याचा फोटो टाकावा तरी का?

पन्हाळी_पाऊस

ताई, आधी संध्यामठ उठवू. फोन तुम्ही कसाही धरा, तो फोटो बहुतेक वेळा आपल्या ठरलेल्या दिशेनंच साठवतो आणि सोबत चिठ्ठी ठेवतो, 'हा नव्वद अंश फिरवून दाखवा'. गॅलरी चिठ्ठी वाचते, काही साइट वाचत नाहीत. एडिटमध्ये जाऊन कडेनं किंचित क्रॉप करा आणि नवीन कॉपी सेव्ह करा, फोटो खरोखर सरळ होऊन साठेल. हात लावलाच आहे तर आकारही कमी करा. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० चा असतो, पडद्यावर बघायला लांब बाजू १६०० पुरते.

धुक्याचं असं की कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम राखाडी हवं असतं. पांढरं दिसलं की तो अंधार करतो. धुक्यावर बोट टेका, सूर्याचं चिन्ह येईल, ते जरा वर सरकवा. बगळ्याच्या वेळी मागं काळं पाणी असतं, म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि बगळा जळतो. तिथं बोट बगळ्यावर, चिन्ह खाली.

खिद्रापूरला परत जाल तेव्हा याचाच सराव करा. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं, वर भगभगीत आभाळ, खाली ४८ खांब सावलीत. उजेड आभाळाला धरून ठरवा. काळवंडलेले खांब नंतर उजळता येतात, पांढरं फटक झालेलं आभाळ परत येत नाही.

मिसळ_तिखट

मान वाकडी करून बघितला. तसाही भारी दिसतोय. यजमानांना नमस्कार सांगा.

जुना_खोडरबर

पुराच्या फोटोंची तारीख सगळीच गेलेली नाही. फोटोच्या पोटातली गेली, पण नाव बघा. बहिणीचा फोन अँड्रॉइड असेल तर तिच्या व्हॉट्सॲप फोल्डरमध्ये फाइलच्या नावातच वर्ष, महिना, दिवस सलग लिहिलेला असतो, २०२१०७२४ असा. म्हणजे तिला मिळाला तो दिवस. तुम्ही त्याच दिवशी पाठवत होता का, तेवढं आठवा. तुमच्याकडे परत पाठवताना नवीन नाव पडलं, म्हणून तुम्हाला दिसत नाही. फाइल तिच्या फोनमध्येच उघडा आणि तारखा वहीत उतरवून घ्या. हो, वहीत.

आणि फोटो इथंच चढवा, बाहेरची लिंक देऊ नका. २०१६ मध्ये गूगलचं फोटो ठेवायचं पिकासा बंद झालं, तेव्हापासून माझ्या भटकंतीच्या सहा धाग्यांत नुसत्या रिकाम्या चौकटी आहेत. खाली प्रतिसाद मात्र शाबूत: 'वा, तिसरा फोटो अप्रतिम!' कुठला तिसरा, देव जाणे.

कठड्यावरचा

शुभ सकाळवाल्यांबद्दल. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे असा स्वतःहून काढलेला फोटो काढणाऱ्याचा. नोंदणी लागत नाही. काढणारा असेपर्यंत आणि तो गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. एवढं असून फॉरवर्ड होणाऱ्या गुलाबांच्या मागं कोर्टात कोण जाणार? म्हणून दोन गोष्टी करा. मूळ मोठी फाइल कुणालाही देऊ नका, वाद झाला तर तीच पुरावा. आणि नाव टाकायचं तर कोपऱ्यात नको, कोपरा कापला जातो. पाण्यावर किंवा झाडीवर, फिकट, जिथं पुसायला कष्ट पडतील तिथं.

मी स्वतः नाव टाकत नाही, मला ते ताटातल्या केसासारखं खुपतं. तुमचं तुम्ही ठरवा. तसंही निळं टोपण आहेच की.

खंड्या

टिटवीचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही भाच्याचं ऐकलंत आणि तिथंच गोची झाली. डॉक्युमेंट म्हणून पाठवली की मूळ फाइल जशीच्या तशी जाते. तारीख, वेळ, आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही. समोरच्यानं गॅलरीत फोटो वर सरकवला की नकाशा हजर. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप या नोंदी काढून टाकतं, पण फोटोही बारीक करतं. तुमच्या पुराच्या तारखा गेल्या त्या याच कारणानं. जी गोष्ट तिथं नको होती ती इथं हवी होती, असला प्रकार.

दोन्ही जमतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. पाठवताना २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, ग्रुपसाठी तो भरपूर झाला. पण नुसत्या सेटिंगवर विसंबू नका. मागं ट्रान्सफॉर्मर किंवा कुणाचं गेट आलं असेल तर रोज फिरणाऱ्या माणसाला नकाशा लागत नाही.

घरट्याबद्दल माझं मत कडक आहे: पिल्लं निघून जाईपर्यंत टाकू नये, आणि जवळ तर जाऊच नये. माणूस कुठं वाकून बघतोय ते कावळा वरून बघत असतो. त्यात एप्रिलचं ऊन. टिटवी पोट भिजवून बसते ती अंडी गार ठेवायला. पाच माणसांनी तिला अर्धा तास हुसकवून लावलं तर कावळ्याचीही गरज नाही. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे पशुपक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर, नोंद करत असाल तर धोक्यात आलेल्या जातींची नेमकी जागा तिथं आपोआप झाकली जाते, पण टिटवीसारख्या रोजच्या पक्ष्याची नाही. ती आपण निवडून झाकायची.

एक बरी गोष्ट सांगतो. अंडी गेली तर टिटवीची जोडी बरेचदा त्याच हंगामात पुन्हा घालते.

डोंगरवाट

खंड्यासाहेब, पटतंय आणि नाहीही. लोकांना टिटवी दिसलीच नाही तर उद्या त्या प्लॉटवर जेसीबी येताना थांबा कोण म्हणणार? ते पाचजण दुष्ट नव्हते, पहिल्यांदाच बघत होते.

खंड्या

दुष्ट नव्हतेच. म्हणून तर टिटवीचा फोटो टाका म्हणतो, घरट्याचा नको. जेसीबीचं तुमचं बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. लोकेशन बंद केलं. भाच्याला झापणार होते, पण तोही माझ्या भल्यासाठीच सांगत होता. टिटवीचा फोटो इथं टाकणार नाही, ठेवलाय तसाच. काल मुद्दाम जुन्या वाटेनं गेले. प्लॉटवर खडीचा ढीग वाढलाय, आणि पलीकडच्या बांधावरून ती ओरडली. तीच की दुसरी, कसं सांगणार. थांबले नाही.

बहिणीच्या फोनमध्ये तारखा खरंच सापडल्या. चढत्या पाण्याचे अकरा आणि उतरत्याचे चार, वहीत उतरवलेत.

संध्यामठ उठून उभा राहिला, खाली जोडलाय, बघा. धुक्याचा मूळ फोटो आकार कमी करून, टोपणासकट, मामेबहिणीला पाठवला आणि लिहिलं, हा मी काढलाय. लगेच उत्तर आलं: "काय सांगतीस! हा तर मीच तुला पाठवलेला न्हवं का?"